संशयितांची यादी कुठून सुरू होते?

वंशद्वेषातून एकामागून एक खून करणारा माणूस पोलीस कसा ओळखतात, या विषयावर वेबमालिका पाहून आपल्याकडे हल्ली पुष्कळ बोलले जाते. त्या गप्पांतला तपास अधिकारी जवळजवळ अंतर्ज्ञानी असतो. माझे मत वेगळे आहे. गुन्हेगाराचे प्रोफाइल, म्हणजे गुन्ह्याच्या पद्धतीवरून तो कसा माणूस असेल याचा अंदाज, काढणाऱ्याला स्वतःच्या समाजाकडेही संशयाने पाहता आले, तरच ते प्रोफाइल कामाचे.

जर्मनीत २००० ते २००६ या काळात नऊ छोटे व्यावसायिक चेस्का बनावटीच्या एकाच पिस्तुलाने मारले गेले. त्यातले आठ तुर्की वंशाचे आणि एक ग्रीक. पिस्तूल एकच, हे ठाऊक असूनही तपास मात्र वर्षानुवर्षे अमली पदार्थ, जुगार आणि मृतांच्या घरातली भांडणे यांच्यातच फिरत राहिला. पहिला बळी फुले विकणारा होता. त्याच्या विधवेला पोलिसांनी एका सोनेरी केसांच्या बाईचा फोटो दाखवून तुझ्या नवऱ्याचे दुसरे कुटुंब होते असे सांगितले, आणि ते धादांत खोटे होते. खंडणीवाले येतात का हे पाहण्यासाठी पोलिसांनी स्वतः कबाबची टपरी थाटली, पुरवठादारांचे पैसे मुद्दाम थकवले आणि वाट पाहिली. हंबुर्गच्या पोलिसांनी तर मृतात्म्याशी बोलणाऱ्या एका इसमाचेही म्हणणे नोंदवून घेतले. (देवऋषीकडे जाणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना आपण उगीच हसतो.)

खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. बव्हेरियाचे विश्लेषक अलेक्झांडर हॉर्न यांच्या पथकाने २००६ मध्ये मांडले की खुनी एक किंवा दोन असावेत, तुर्कांविषयीचा द्वेष हे कारण असावे आणि उजव्या अतिरेकी वर्तुळाशी त्यांचा संबंध असू शकतो. हे बऱ्याच अधिकाऱ्यांना पटले नाही. २००७ मध्ये दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी वेगळे विश्लेषण काढले, त्याचा सूर असा, की आपल्या संस्कृतीत माणूस मारणे निषिद्ध असल्यामुळे मारेकरी या संस्कृतीच्या बाहेरचाच असला पाहिजे. नाझींच्या देशात हे वाक्य लिहिताना कोणाचाच हात अडखळला नाही! मृतांच्या नातेवाइकांना मात्र प्रोफाइलची गरज पडली नव्हती. ‘दहावा बळी नको’ म्हणत त्यांनी २००६ मध्येच कासेलमध्ये मोर्चा काढला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये बँक लुटून पळालेल्या दोन नवनाझींचे मृतदेह एका गाडीत सापडले आणि मग सगळे उलगडले.

बँकांचे दरोडे हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १९७७ ते १९८० दरम्यान कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना दुरून गोळ्या घालणारा जोसेफ पॉल फ्रँकलिन बँका लुटूनच गावोगाव फिरत असे. स्वीडनमध्ये १९९१-९२ साली स्थलांतरितांवर गोळ्या झाडणारा जॉन आउसोनियसही तेच करी. म्हणजे माणूस काय करतो, पैसा कुठून आणतो, पळून कुठे जातो, यावरून माग निघतो. फ्रँकलिन कोठडीतून निसटल्यावर एफबीआयच्या जॉन डग्लस यांनी तो दक्षिणेकडे, आपल्या ओळखीच्या मुलखात जाईल असे सांगितले होते. तो फ्लोरिडात, रक्तद्रव्य विकायला गेलेला असताना अंगावरच्या गोंदणामुळे पकडला गेला.

आता आपल्याकडे पाहा. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले आणि कुठे दगडफेक झाली, की मराठी पोरांची नावे आधी फिर्यादीत येतात, म्हणून आपण तावातावाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात गेल्या उन्हाळ्यात शिवारातल्या पंपांच्या केबली चोरीला गेल्या, तेव्हा त्याच तावातावाने बोलणाऱ्या पंचांनी अर्ध्या तासात गावाबाहेर पालं ठोकून राहिलेल्या लोकांची नावे सांगितली. तिथल्या दोन तरुणांना रात्रभर चौकीत बसवून ठेवले. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. हुबळीत या जमातींना ठेवण्यासाठी केलेल्या त्या काळच्या वसाहतीचे ‘सेटलमेंट’ हे नाव अजून टिकून आहे, आणि आपल्या पंचांच्या डोक्यातला कायदाही.

मी स्वतः जाऊन त्या केबली पाहिल्या. दोन्ही टोकांना काप सरळ, एका दमात मारलेला, म्हणजे मोठ्या कटरचा. आणि स्टार्टरच्या पेटीचे कुलूप न तोडता उघडलेले. पालातल्या माणसाकडे आमच्या पेट्यांच्या किल्ल्या कुठून येणार? हे मी बैठकीत बोलून दाखवले, तेव्हा विषय पाणीपट्टीकडे वळवण्यात आला. केबलीतले तांबे कोणत्या भंगारवाल्याने घेतले, याची चौकशी गावातून आजपर्यंत कोणीही केलेली नाही.