सुट्टीत काम शोधणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

पुण्यात शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत काम शोधायचे आहे, त्याने सर्वप्रथम सुट्टी शोधावी. ही पायरी पुष्कळजण गाळतात आणि मग पस्तावतात. परीक्षा एप्रिलअखेर आटोपेल असे गृहीत धरून कोणाही दुकानदाराला शब्द देऊ नये. वेळापत्रक आधी जाहीर होते, मग सुधारित होते, मग त्यातला नेमका आपला विषय पुढे ढकलला जातो, आणि तोंडी परीक्षेची तारीख विभागप्रमुख गावाहून परतल्यावर कळते. मालकाने "कधीपासून येणार?" असे विचारल्यास "पेपर झाले की" एवढेच सांगावे. हे उत्तर संपूर्ण प्रामाणिक असून त्यातून काहीही कळत नाही, त्यामुळे ते मुलाखतीस अत्यंत योग्य आहे.

सुट्टी हाती लागलीच, तर सरकारी योजनांपासून आरंभ करावा, कारण तेथे नकार फार वाट पाहायला लावत नाही. तो नियमातच छापलेला असतो. महाराष्ट्र सरकारने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली आणि बारावी उत्तीर्णास दरमहा 6 हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्यास 8 हजार, तर पदवीधरास 10 हजार रुपये विद्यावेतन ठरवले. लोकांनी कौतुकाने तिचे नाव 'लाडका भाऊ' ठेवले. मात्र ज्याचे शिक्षण चालू आहे, तो भाऊ त्या लाडात बसत नाही. त्याच वर्षी केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली, तीही दरमहा 5 हजारांची आणि थेट बड्या कंपन्यांतली. पण ती पूर्ण 12 महिन्यांची होती, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तिच्या त्या वेळच्या अटींनी दारातच थांबवले. विद्यावेतन विद्यार्थ्याला देऊ नये हा विचार दोन सरकारांना एकाच वर्षी सुचला, यावरून तो किती परिपक्व असेल हे ओळखून आपण पुढच्या मार्गाला लागावे.

पुढचा मार्ग बसथांब्यावरच चिकटवलेला आढळेल. घरबसल्या टायपिंग करून महिन्याला 30 हजार रुपये मिळवण्याची ती चिठ्ठी असते, आणि तिच्यावरच्या क्रमांकावर फोन केल्यास एक अतिशय मृदू आवाज आपल्याकडे केवळ नोंदणी शुल्क मागतो. हल्ली हेच काम मोबाइलवरही येते: व्हिडिओ पाहा, पसंतीची खूण करा, पैसे घ्या. पहिले दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. त्यानंतरचे पंधरा हजार आपल्या खात्यातून जातात. पैसे देण्यापूर्वी आईवडिलांना मात्र विचारू नये, कारण काम देणाऱ्यानेच पैसे द्यायचे असतात, अशी त्या पिढीची एक जुनाट समजूत आहे.

सुशिक्षित विद्यार्थ्याला एवढ्या स्वस्तात फसणे प्रशस्त वाटणार नाही. त्याच्यासाठी इंटर्नशिप आहे. तीत विद्यार्थी दोन महिने एखाद्या नवथर कंपनीचे समाजमाध्यमांवरचे फलक तयार करतो, ग्राहकांच्या याद्या भरतो, मालकाच्या मुलीच्या शाळेचा प्रकल्प करतो, आणि मोबदल्यात त्याला अनुभव मिळतो. हा अनुभव घरमालकाला भाडे म्हणून चालत नाही, मेसवाल्या काकूही तो घेत नाहीत. तरीही त्याची किंमत अमूल्य आहे असे कंपनी सांगते, आणि अमूल्य वस्तूवर वेतनाची मोहोर उमटवणे तिला प्रशस्त वाटत नाही. काही ठिकाणी तर प्रशिक्षण म्हणून विद्यार्थ्याकडूनच चार-पाच हजार घेतले जातात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलाने अंगमेहनत करून आपल्या शिक्षणाचा भार स्वतः उचलावा असा पायंडा पाडला. त्यांच्या नावाने पुणे विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आजही चालते. कमवण्याऐवजी पैसे भरूनही शिकता येते, हे बिचाऱ्या कर्मवीरांच्या ध्यानात आले नाही.

आता ज्या कामाचे पैसे खरोखर मिळतात, त्यापासून आपण सावध राहिले पाहिजे. लग्नसराईतले केटररचे काम यात सर्वांत धोक्याचे. कोणीतरी मित्र संध्याकाळी विचारतो, "उद्या येतोस का, पोरं कमी आहेत," आणि काळी पँट, काळे बूट एवढ्या पात्रतेवर निवड होते. ना अर्ज, ना गटचर्चा, ना 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता' हा प्रश्न. असल्या निवडप्रक्रियेवर विश्वास तरी कसा ठेवायचा? कार्यालयात पोचल्यावर एक लाल जाकीट मिळते, ज्याच्या काखेत कालच्या मुलाचा घाम अजून ओला असतो. बुफे असेल तर पनीरच्या भाजीमागे उभे राहावे लागते आणि पाहुण्याच्या डोळ्यांत न पाहता, प्रत्येक पळीत पनीरचे तीनच तुकडे येतील असे पाहावे लागते. चौथा गेला तर कॅप्टन दुरून पाहत असतो. पंगत असेल तर डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, हे ध्यानात ठेवून वाकून वाढत जावे लागते, आणि जिलेबीचा आग्रह यजमानाने करायचा की वाढप्याने, हा वाद होऊ न देता ताट पुढे सरकवायचे असते. वऱ्हाड उठल्यावर उरलेला मसालेभात आपला; मग भांडी टेम्पोत चढवायची, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर रोख रक्कम हातात घेऊन बाहेर यायचे, तेव्हा शेवटची पीएमपी बस केव्हाच गेलेली असते. रिक्षाने गेल्यास मजुरीतला मोठा वाटा रिक्षात राहतो, म्हणून पायी जावे. तेवढेच फिरणे होते.

हे करायचेच असेल, तर पंचांग जवळ ठेवावे. 2026 साली 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे विद्यापीठ आपल्याला मोकळे करील तेव्हा लग्नाचे मुहूर्तच नाहीत, आणि मुहूर्त होते तेव्हा आपण परीक्षागृहात होतो. धोंड्याच्या महिन्यात जावयांना अनारशांचे वाण देतात, त्यामुळे अनारसे घरपोच करण्याचे थोडेफार काम निघते. स्वतः जावई होऊन जाणे अधिक फायद्याचे, पण त्याला मुहूर्त लागतो.

वर्गात कोकणातला एखादा मित्र असतोच, आणि त्याच्या काकांची बाग असतेच. त्या बळावर हापूस विकणे हा दुसरा मोह. एसटीतून आलेल्या पेट्या खोलीवर उतरवाव्यात, पेंढा पसरून आंब्यांची अढी लावावी आणि खोलीतल्या इतर दोघांना आठवडाभर मॅटवर झोपायला सांगावे. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे ग्राहकाला सांगितल्यास तो कौतुकाने ऐकून घेतो आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीवरचा कर्नाटकातला आंबा 'देवगड' म्हणून निम्म्या भावात घेतो. उरलेले ग्राहक म्हणजे नातेवाईक. त्यांना माल उधारीवर द्यावा लागतो आणि साक्याची, म्हणजे आतून खराब निघालेल्या गराची, जबाबदारीही घ्यावी लागते, कारण साका बाहेरून दिसत नाही. तो मावशीने पाहुण्यांसमोर आंबा कापल्यावरच दिसतो. व्यवस्थापन शाखेचे वर्ग ज्या गोष्टी दोन वर्षांत शिकवतात, म्हणजे नाशवंत मालाचा साठा, बुडीत येणे, खवळलेला ग्राहक, त्या येथे तीन आठवड्यांत शिकता येतात. एवढ्या घाईने शिकलेले टिकत नाही असे जाणकार म्हणतात, आणि त्याचे प्रमाणपत्रही कोणी देत नाही.

प्रमाणपत्राचा मुद्दा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी विशेष मनावर घ्यावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार त्यांना 4 श्रेयांकांचे, म्हणजे 120 तासांचे, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण पुरे करावे लागते. रोज आठ तास वाढपीकाम केले तर पंधरा दिवसांत हे तास भरतील, असा हिशेब काही भोळे विद्यार्थी मांडतात. पण केटररकडे लेटरहेड नसते, शिक्का नसतो, आणि त्याची सही बिलाच्या मागे असते. तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एखाद्या सीएच्या कार्यालयात जावे. आपण इतिहासाचे विद्यार्थी असलात तरी हरकत नाही. 'दस्तऐवजांचे जतन' असे लिहिता येते. पहिल्या दिवशी चहा मिळतो, दुसऱ्या दिवशी "रोज यायची गरज नाही" असे सांगितले जाते, आणि तेथून आपण मोकळे. त्या मोकळ्या दिवसांत खुशाल पनीर वाढावे. नोंदवही मात्र शेवटच्या रात्री एका बैठकीत भरताना दोन निरनिराळी पेने वापरावीत, कुठे चहाचा डाग पाडावा आणि मध्ये एक दिवस गैरहजेरी दाखवावी, कारण 120 पैकी 120 तास हजर राहिलेला विद्यार्थी पाहिला की मार्गदर्शकांना शंका येते. सहीसाठी जाताना एक डझन आंबे न्यावेत. साका निघणार नाही असे पाहून.