चौदा इंच

आमच्या हॉलमधल्या दिवाणावर बसायच्या दोनच पद्धती होत्या. भिंतीला पाठ टेकली की पाय सरळ समोर येत आणि तळवे थेट पाहुण्यांच्या चहाच्या कपाशी बोलू लागत. पाय जमिनीवर ठेवले की पाठ अधांतरी. तिसरी पद्धत आडवं होण्याची, पण ती दुपारच्या जेवणापासून चारच्या चहापर्यंत आईच्या नावावर राखीव होती.

हा लोखंडी दिवाण मी फ्लॅट सोडून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून १८०० रुपयांना घेतला होता. "बाबा येणार आहेत पंधरा दिवसांनी. ते कशावर बसणार?" असं बायकोने विचारलं, तेव्हा त्यात 'सोफा' हा शब्द नव्हता, पण मला तो ऐकू आला. आदल्याच रविवारी आम्ही ३२,००० रुपयांच्या एका सोफ्यावर फुकट बसून आलो होतो.

"दिवाणाचाच सोफा करू," मी म्हणालो. "प्रश्न फक्त चौदा इंचांचा आहे."

हे मी मोजून बोलत होतो. माझी मांडी, बुडापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत, १९ इंच भरली होती. सोफ्याची बैठक साधारण २० ते २२ इंच खोल असते. दिवाण ३६ इंच, कारण तो माणूस झोपवायला केलेला. ३६ वजा २२, राहिले १४. पाठीमागे चौदा इंच भरलं की झाला सोफा. पाचवीतलं गणित.

"त्यात काय, लोड लावा की," आई म्हणाली. "सावरीच्या कापसाचे चांगले चार होते आपल्याकडे." ते चारही लोड गावचं घर आवरताना 'उगाच जागा खातात' म्हणून मीच वाटून टाकले होते. आईला हे आठवत होतं. म्हणूनच ती म्हणाली.

मग रविवार पेठेत जाऊन दोन नवे लोड आणले. लोड गोल असतो, हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला. टेकलं की तो वर सरकायचा, पाठ त्याच्याखाली शिरायची आणि बातम्या संपेपर्यंत माणूस आडवा. आपल्या जुन्या दिवाणखान्यांत लोड-तक्के शोभले, कारण तिथे मंडळी जमिनीवरच्या गादीवर मांडी ठोकून बसत. पाय लोंबकळत सोडायचा प्रश्नच नव्हता. दिवाण हा शब्द फारसीतून आला, दरबार-कचेरीचा. तिथल्या भिंतीलगतच्या बैठकींवरून तो या फर्निचरला चिकटला आणि कोर्टाच्या दिवाणी दाव्यातही तोच आहे. आमचं प्रकरणही अजून दिवाणी होतं. फौजदारी व्हायला फोम आणावा लागला.

फोमच्या दुकानदाराने विचारलं, "थर्टी टू देऊ की फोर्टी?" मी अर्थातच, आपल्याला सगळं कळतं अशा चेहऱ्याने, फोर्टी म्हणालो. नंतर समजलं की हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. तो मऊ की कडक, हा हिशेब वेगळा. मी आणलेला सहा इंची फोम दीर्घायुषी होता आणि स्वभावानेही कडक निघाला. आमच्या घराण्यात तो सहज खपून गेला असता.

पण दिवाणाची उंची १५ इंच. त्याच्या पट्ट्या मधोमध खाली गेल्या होत्या म्हणून वर अर्ध्या इंचाचा प्लाय टाकला, त्यावर हा सहा इंच. झाले साडेएकवीस. सोफा १७-१८ इंचांचा असतो. आता पुढे बसलं तरी पाय जमिनीला लागेनात. आई पाटावर पाय ठेवून चढू लागली, आणि प्रत्येक वेळी चढताना "अगं आई गं" म्हणू लागली. पूर्वी ती हे फक्त उतरताना म्हणायची.

दिवाणाचे पाय साडेतीन इंच कापून आणले. वेल्डिंगवाल्याने ते एकसारखे कापले, यावर माझा आजही विश्वास आहे. मग डुगडुगतो ती आमची फरशी असणार. शिवाय केरसुणी खाली जाईना म्हणून कामवाल्या मावशींनी दिवाणाखालचा भाग आपल्या कामातून वगळल्याचं जाहीर केलं.

अखेर मिस्त्री आले. त्यांनी दिवाणाकडे पाहिलं, लोडांकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "साहेब, हे गादीचं काम नाही. पाठीला खोकं मारा." भिंतीला लागून प्लायचं सहा फुटी खोकं, तळाला दहा इंच, वर सात, म्हणजे पाठ आपोआप कलते. त्यावर चार इंची उशी. दहा आणि चार, चौदा! इतके दिवस मी ज्याच्याभोवती फिरत होतो ते त्यांनी कानावरची पेन्सिल न काढता सोडवलं. ८ बाय ४ च्या प्लायमधून दिवाणाचा ६ बाय ३ कापल्यावर जी फूटभर रुंदीची पट्टी माळ्यावर पडली होती, तिचंच वरचं झाकण झालं. बिजागऱ्या त्यांनी स्वतःहून लावल्या. "आत जागा आहे, फुकट कशाला घालवता?"

हे वाक्य त्यांनी बायकोसमोर बोलायला नको होतं.

एकूण खर्च १३,४०० रुपये, त्यात लोडही आले. पण बसून पाहिलं आणि खरं सांगतो, डोळे मिटले. पाठ टेकलेली, तळवे जमिनीवर, मांडीखाली आधार. मी अर्धा तास उठलोच नाही. आई म्हणाली, "बाकासारखं झालंय, कूस बदलता येत नाही," आणि दुपारी आमच्या बेडरूममध्ये झोपायला गेली. ती अजून तिथेच झोपते.

सासरे आले. बसले. मागे रेलले. त्यांनी हात उशीवर पसरून "वा! कुठून घेतला?" असं विचारलं. या प्रश्नाच्या उत्तराची मी पंधरा दिवस तयारी केली होती. घसा साफ करून मी मांडीच्या मापापासून सुरुवात केली.

तेवढ्यात डांबरगोळ्यांचा वास आला. आई त्यांच्या डोक्यामागचं झाकण उचलून उभी होती. आत गोधड्या, गणपतीचं मखर, आकाशकंदील, स्वेटरं आणि लग्नातल्या चांदीच्या ताटाचं खोकं असं सगळं दोन दिवसांत शिरलं होतं.

"रात्रीसाठी तुमचीच गोधडी काढतेय," आई म्हणाली. "खाली गेलीय जरा. पुढे सरकता का थोडं?"

सासरे सरकले. मग मखर बाहेर यावं म्हणून आणखी सरकले. शेवटी दिवाणाच्या पार कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि पाठ अधांतरी ठेवून त्यांनी मला विचारलं, "हं, काय सांगत होतात?"