‘गावकऱ्यांना नदीतलं काय कळतं?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार. गंगाखेडजवळ गोदावरीचा काठ ढासळतोय, त्याचं काम ठरवण्याआधी काठच्या लोकांना विचारा आणि नदीवर उतरणाऱ्या पांदणी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या जुन्या वाटा, आराखड्यात धरा, असं मी लिहिलं होतं. तुम्ही पाटबंधारे खात्यात नोकरी केलेले. तुमचं म्हणणं असं की रेल्वेपुलालगतचा काठ सांभाळणं अभियंत्याचं काम आहे, लोकांना विचारण्यात एक पावसाळा जातो आणि शेवटी जो तो आपल्या गावासमोर घाट मागतो. ‘चार फुटी पांदणीसाठी रेल्वे थांबवायची का?’ असंही विचारलंत.

घाटाचं म्हणणं खरं आहे. गंगथडीच्या कुठल्याही ग्रामसभेत नदीचा विषय काढा, पहिली मागणी घाटाची, दुसरी भिंतीची. त्या सगळ्या मान्य करा असं मी म्हणत नाही. पण त्याच माणसांना कड कधी तुटते एवढं विचारून पाहा. पूर चढताना कमी, ओसरताना जास्त, हे ते सांगतील. याचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे: काठात मुरलेलं पाणी हळूहळू निघतं, समोरच्या पाण्याचा आधार मात्र एकदम जातो आणि जड झालेली माती खाली बसते. पैठणखाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल असे बंधारे एकामागोमाग आहेत. पाणी महिनोन्‌महिने तुंबून राहतं आणि दारं उघडली की झपाट्यानं उतरतं. गंगाखेडचा पूल ज्या परभणी–परळी रेल्वेचा, ती निजामाच्या काळातली. तेव्हा ना जायकवाडी होतं, ना हे बंधारे. म्हणजे काठ वाचवायचा तर दगडाइतकाच विचार भिंतीमागचं पाणी काढून देण्याचा आणि दारं किती वेगानं उघडायची याचा हवा. एप्रिलच्या कोरड्या पात्रात मोजमाप घेणाऱ्याला हे दिसणार कुठून?

दुसरं, समोरची थडी. रेल्वे आपल्या हद्दीपुरतं पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, करणार. धार त्याच्या टोकाशी वळून खालच्या नाहीतर पलीकडच्या मळीत घुसली, तर ती जमीन ज्याची आहे तो खातेदार नकाशातच नसतो. नदीचं काम बघणारं जलसंपदा खातं वेगळं, वाळू बघणारं महसूल खातं वेगळं. वाळू उपसून पात्र खोल गेलं की काठाचा पायाच उघडा पडतो, मग वरचं पिचिंग घसरतं. वाळू कुठून उचलली हे गावाला पक्कं माहीत असतं. (सगळे सांगणार नाहीत, काहींचे ट्रॅक्टरच त्यात असतात. म्हणून मासे धरणाऱ्या भोयांना वेगळं विचारा. डोह कुठे सरकला हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.)

आता पांदण. तुमच्या कामापुरतंच सांगतो. नदीत उतरण्याच्या जागेकडे जाणारी जुनी वाट वर्षानुवर्षांच्या वापरानं खोल झालेली असते. पावसात शेतांचं पाणी तिच्यातूनच धावतं आणि काठ मागच्या बाजूनं कापतं. तिच्या तोंडावर सलग भिंत घातली तर ते पाणी भिंतीमागे साचून तिलाच ढकलणार. शिवाय स्नानाला येणारे लोक आणि दिंड्या कुठूनतरी उतरणारच, तुम्ही जागा ठेवली नाही तर काठ फोडून उतरतील. वाट कुठून जाते हे आराखड्याला आधीच कळलं पाहिजे, ते एवढ्यासाठी. रेल्वे थांबवायला कुणी सांगितलंय?

पावसाळा वाया जाण्याचं म्हणाल, तर पात्रातलं काम तसंही पाणी उतरल्यावरच होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ताज्या दरडी दिसत असताना, दोन्ही काठांनी गावकऱ्यांबरोबर चालत जा आणि ते काय सांगतात ते नकाशावर तिथल्या तिथे टिपा. तहसीलमध्ये ‘हरकती व सूचना’ची नोटीस चिकटवून हे व्हायचं नाही. ती नोटीस वाचायला तिथे जातं कोण?

एका बाबतीत मात्र तुमच्याशी वाद नाही. उद्या पुलाच्या भरावाखालची माती निघायला लागली तर कुणालाही न विचारता दगड टाका. फक्त तीन वर्षांनी तेच दगड ‘कायमस्वरूपी उपाययोजना’ म्हणून कागदावर येऊ नयेत.