होडी सोडून पोहत का गेलो नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझी शिडाची होडी उलटल्याच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "किनारा जेमतेम 400 मीटरवर, तुम्हाला चांगलं पोहता येतं, तरी 50 मिनिटं बुडत्या होडीला धरून राहिलात. याला नौकानयन म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. उद्या एखादा नवखा हे वाचून जीव गमावेल." शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्या 400 मीटरबद्दल. तो आकडा मी डोळ्यांच्या अंदाजानं दिला होता. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर नकाशा काढून मोजलं, तर अंतर 900 मीटर निघालं. दुपटीहून जास्त! पाण्यावर मधे झाड नाही, घर नाही, नजरेला मोजायला काहीच नसतं, त्यामुळे समोरचा किनारा हाताशी आल्यासारखा वाटतो. त्यात पाण्यात पडलेल्या माणसाचे डोळे पृष्ठभागाच्या जेमतेम वीतभर वर. लाट आली की किनारा गायब, उतरली की पुन्हा दिसणार. 400 समजून निघालो असतो आणि निम्म्या वाटेत दम संपल्यावर खरं काय ते कळलं असतं.

शिवाय तलावात पोहणं आणि अंगावर भिजलेले कपडे, लाइफजॅकेट, समोरून लाटा असताना पोहणं यांची तुलनाच होत नाही. प्रवाह एक नॉटचा असला तरी तो तासाला 1.85 किलोमीटर ओढून नेतो. तोंड किनाऱ्याकडे असतं आणि माणूस भलतीकडे चाललेला असतो. पाणी गार असेल तर आणखी वाईट. थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचा अभ्यास करणारे कॅनडातले गॉर्डन गीसब्रेख्त 1-10-1 असा हिशोब सांगतात: अगदी गार पाण्यात पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय उपयोगाचे असतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे पोहणाऱ्याचे हात आधी जातात. उलट्या होडीच्या पाठीवर, म्हणजे वर आलेल्या तळावर, चढून बसलं की निदान अर्धं अंग पाण्याबाहेर राहतं.

तुम्ही तिला "बुडती होडी" म्हणता, तेही बरोबर नाही. माझ्या होडीत हवाबंद कप्पे आहेत, ती उलटते पण बुडत नाही. आणि शोधणाऱ्याला चौदा फुटी पांढरी पाठ लांबून दिसते. लाटांमधलं एकटं डोकं दिसत नाही. 1979 च्या फास्टनेट या समुद्रातल्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळात 15 खलाशी गेले. सोडून दिलेल्या 24 नौकांपैकी फक्त 5 बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. त्या नौका माझ्या होडीपेक्षा कितीतरी मोठ्या होत्या, पण हा हिशोब मी कधी विसरत नाही.

आणि त्या 50 मिनिटांत मी नुसता धरून बसलो नव्हतो. मूळ लेखात हे दोन ओळींत उरकलं, ती चूक माझी. पाठीमागून वारा घेऊन वळताना बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) सपकन फिरली, होडी आडवी झाली आणि बघता बघता डोलकाठी थेट खाली. सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या तळातून खाली सोडतात ती फळी, आत घसरला होता, चार बोटंच वर होता. तो पाठीवर पालथा पडून बोटांनी ओढून काढला. मग पुढच्या शिडाची दोरी पाठीवरून आणून, कडेवर पाय रोवून मागे रेललो. पाण्याखालचं शीड सुरुवातीला काही केल्या हलत नाही. भरलेली मोट ओढावी तसं वाटतं. होडी वर आली आणि लगेच दुसऱ्या बाजूला पडली, कारण मोठ्या शिडाची दोरी क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, तशीच अडकलेली होती. वाऱ्यानं शीड पुन्हा भरलं. दुसऱ्या खेपेला आधी ती दोरी सोडवली. मग होडी उठली आणि शीड फडफडत ठेवून तशीच उभी राहिली. उरलेला सगळा वेळ बादलीनं पाणी उपसण्यात गेला.

आता तुमचं जे खरं आहे ते. होडी केव्हा सोडायची हे मी लिहिलंच नव्हतं आणि नवख्यानं नेमकं तेच वाचायला हवं होतं. होडी खडकांवर किंवा बंधाऱ्याकडे वाहत निघाली, आग लागली, ती खरंच बुडू लागली किंवा मोठ्या जहाजांच्या वाटेत जाऊ लागली, तर ती सोडायलाच हवी. तेव्हाही लाइफजॅकेट अंगावर आणि तोंड जवळच्या सुरक्षित जागेकडे. दुसरं, मी रीफ घेऊन शीड आखूड करायला हवं होतं. वारा 10 नॉटवरून 14 वर गेला की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो, हे मला माहीत असूनही मी निघालो. तिसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो: शिट्टी पिशवीत होती आणि पिशवी उलट्या होडीच्या पोटात.

अंतराचा आकडा आणि होडी सोडण्याबद्दलचा भाग मूळ लेखात आज घातला आहे. शिट्टी आता लाइफजॅकेटलाच बांधली आहे.