बुकचोनची घरे ‘खरी’ आहेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलमधील बुकचोन या जुन्या हानोक (पारंपरिक कोरियन पद्धतीच्या) घरांच्या वस्तीवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मी ज्यांना पारंपरिक म्हटले ती घरे १९३०च्या सुमारास एका बांधकाम व्यावसायिकाने ओळीने बांधून विकलेली आहेत, म्हणजे ती नक्कल आहे, हा पहिला. आणि अशा लेखांमुळे रहिवाशांच्या त्रासात भर पडते, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपातील तपशील बरोबर आहे आणि तो मी लेखात द्यायलाच हवा होता. बुकचोनच्या गाहोए-दोंग या भागातील ज्या चढाच्या गल्लीची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, तेथे चोंग से-ग्वोन या बांधकाम व्यावसायिकांनी उमरावांच्या मोठ्या वाड्यांच्या जागा घेऊन, त्यांचे लहान तुकडे पाडून ही घरे उभारली. मात्र त्यावरून ती नक्कल ठरतात, हे मला मुळीच पटत नाही. जपानी राजवटीत जपानी वस्ती शहराच्या उत्तर भागाकडे सरकत असताना, सामान्य कोरियन कुटुंबाला घेता येईल असे कोरियन पद्धतीचे घर त्यांनी राजवाड्यांच्या शेजारी टिकवले. याच गृहस्थांनी कोरियन भाषेच्या अभ्यासकांच्या संस्थेला इमारतही दिली होती. घर आकसले, तरी मधले अंगण राहिले, लाकडी तक्तपोशीची बैठक राहिली, जमिनीखालून ऊब देणारे ओंदोल राहिले. नवी आली ती दारांना काच आणि वळचणीला पत्र्याची पन्हळ. एका ठिकाणी दोन घरांच्या वळचणींमध्ये जेमतेम हातभर अंतर होते. पन्हळ नसती तर पागोळ्या थेट शेजाऱ्याच्या भिंतीवर पडल्या असत्या. अडचणीच्या जागेत संसार करणाऱ्यांनी केलेला हा बदल आहे, आणि परंपरा वापरात असते तेव्हा ती अशीच बदलते, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. मी २०२३मध्ये गल्ली रिकामी मिळावी म्हणून सकाळी सातला गेलो होतो. एक आजी कचऱ्याची पिशवी घेऊन दाराबाहेर आल्या, समोर कॅमेरे पाहिले आणि तशाच आत वळल्या; ते दृश्य मी लेखात लिहिले नाही, ही माझी चूक होय. नोव्हेंबर २०२४पासून बुकचोन-रो ११ या गल्लीच्या परिसरात पर्यटकांना सकाळी १० ते सायंकाळी ५ एवढ्याच वेळात फिरता येते, आणि मार्च २०२५पासून नियम मोडणाऱ्यास १ लाख वॉन दंड आहे. ‘पहाटे जा, गर्दी नसते’ हे माझ्या लेखातील वाक्य मी आज काढले असून त्या जागी ही वेळ दिली आहे.