गडग्यावरून उतरा हो

आज मे महिन्याचा पहिला सोमवार, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे, सार्वजनिक सुट्टी. त्यात लख्ख ऊन. आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं आहे. लिहिलं नाही तर रात्री झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. लांबलचक आहे, आधीच सांगते.

गावाबाहेरच्या अरुंद रस्त्याला लागून दगडी कुंपण आहे. कॉट्सवोल्ड्समध्ये, म्हणजे आमच्या या डोंगराळ भागात, ते सगळीकडेच आहे म्हणा. कोकणातला गडगा आठवा. तोच प्रकार, फक्त जांभ्याऐवजी मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. त्या गडग्यावर आज एक कुटुंब फोटोसाठी ओळीने बसलं होतं. मागे हिरवं कुरण, मेंढ्या, महिनाभराची कोकरं. फोटो छान येणार होता, नाही म्हणत नाही. तेवढ्यात त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं, "अरे, तो वरचा दगड टोचतोय, सरकव ना जरा."

मराठीत! म्हणून जास्त लागलं.

म्हटलं, "दादा, खाली उतरा, तो सुटा रचलेला आहे." तर दादा म्हणतात, "अहो ताई, शेकडो वर्षं उभा आहे, आमच्या वजनाने काय होणार?"

काय होणार ते सांगते.

गडगा दिसतो एक, पण आत दोन भिंती असतात. पायाशी साधारण दोन फूट रुंद, वर जेमतेम सव्वा फूट, उंची साडेचार फुटांच्या आसपास. दोन्ही भिंती वर जाताना एकमेकींकडे कलत जातात. मधल्या पोकळीत बारीक दगड भरतात, त्याला इथे हार्टिंग म्हणतात. हे हार्टिंग हाताने, एकेक दगड बसवून भरायचं. फावड्याने ओतलं की ते खाली सरकत राहतं आणि दोन्ही भिंतींना आतून बाहेर ढकलतं. माती तर अजिबात नको. माती पाणी धरून ठेवते, थंडीत ते पाणी गोठतं, फुगतं, आणि गडग्याला पोट सुटतं. बाहेरच्या प्रत्येक दगडाची लांब बाजू आत जायला हवी. दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड यायलाच हवा. शिवाय प्रत्येक दगडाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, कौलासारखा, म्हणजे पाऊस आत न मुरता बाहेर ओघळतो. इथला दगड पातळ थरांनी फुटतो म्हणून हे जमतं.

आणि सगळ्यात वर उभे लावलेले दगड म्हणजे टॉपर. कपाटात पुस्तकं गच्च लावावीत तसे ते उभे ठोकून बसवतात. त्यांच्या वजनानेच दोन्ही भिंती जागच्या जागी दाबून राहतात. मधला एक काढला की शेजारचे सैल पडतात, मग पाणी आत शिरतं, मग थंडी, मग पोट. पुढच्या फेब्रुवारीत एखाद्या रात्री सहा फूट लांबीचा गडगा धाडकन बसतो. फोटो काढणारी मंडळी तोवर पुण्याला पोचलेली असतात.

आज मात्र तेवढी वाट बघावी लागली नाही. दादा उतरायला लागले, त्यांच्या मुलाने आतल्या बाजूला उडी मारली, आणि सहा टॉपर त्याच्यामागे गडगडत गेले. त्यांच्या पाठोपाठ खालचे थर. अर्ध्या मिनिटात हातभर रुंद खिंडार. त्या जागी गडग्याला आधीपासून थोडं पोट होतं, हे कबूल करते. पण पोट सुटलेल्या माणसाच्या खांद्यावर आपण बसतो का?

"शेकडो वर्षं उभा आहे" याचाच मला जास्त राग आला. तो उभा नाही, त्याला उभा ठेवलाय. दर हिवाळ्यात कुठेतरी कोसळतो आणि कोणीतरी जाऊन रचतो. शेजारचे शेतकरी आजोबा पंचाहत्तरीला आलेत, अजून स्वतः रचतात. नुसते पडलेले दगड उचलून परत वर ठेवले की झालं, असं नसतं. खिंडाराच्या दोन्ही बाजू मजबूत भाग लागेपर्यंत उतरवायच्या. दगड निवडून वेगळे लावायचे: टॉपर सगळ्यात लांब कारण ते शेवटी लागतात, मग बांधायचे दगड, आणि हार्टिंगचा ढीग हाताशी. पायाची माती काढून घट्ट जमीन लागली की मोठे दगड बसवायचे. दोन्ही बाजूंना दोरी ताणायची, थर चढला की दोरी वर घ्यायची. सरावलेला माणूस दिवसाला दोन-तीन मीटर करतो, तेही दगड चांगला असेल तर. आणि कोणी घाईने सिमेंट थापलं तर पाच-सात वर्षांनी पुन्हा तेच, कारण सुटा गडगा जमिनीबरोबर थोडा हलतो, बसतो, वाकतो. सिमेंटला ते जमत नाही, शिवाय ते पाणी आतच कोंडतं.

यातला विनोद मला कळतो, कोणी कमेंटमध्ये सांगायच्या आधी मीच सांगते. हे गडगे बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले, गावाची सामाईक गायरानं मोजून, वाटून, कुंपण घालून काही लोकांच्या नावावर झाली तेव्हाचे. गरिबाची गाय ज्याने बाहेर ठेवली, त्या गडग्यासाठी मी आज आपल्याच माणसांशी भांडले. असू दे. आज त्याच्या आत मेंढ्या आहेत, आणि मेंढ्यांनी कोणाचं गायरान लाटलेलं नाही.

तर मेंढ्या. मेंढीला फट दिसली की ती जाणार, आणि एक गेली की बाकीच्या का थांबतील? बघता बघता अकरा मेंढ्या आणि त्यांची कोकरं रस्त्यावर. इथले बरेच शेतकरी ५ नोव्हेंबरला, फटाक्यांच्या रात्रीच्या सुमाराला, मेंढा कळपात सोडतात. मेंढी १४७ दिवस गाभण असते. मोजा, बरोबर १ एप्रिल येतो. म्हणजे आज ही कोकरं महिन्याची, अजून आईच्या दुधावरची. गोंधळात आई एकीकडे, कोकरू दुसरीकडे, आणि समोरून भाड्याची गाडी. त्याने काय करावं? हॉर्न! लांब, मुंबईच्या सिग्नलवर देतात तसा. कोकरं गाडीच्या खालीच घुसायची बाकी राहिली होती.

अशा वेळी गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि गप्प बसायचं. कळपातून वाट काढत पुढे जायचं नाही. खाली उतरायचंच असेल तर हात पसरून मेंढ्यांच्या मागे हळूहळू चालायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही. कोणीतरी पुढे जाऊन फाटक उघडून त्याच्या पलीकडे उभं राहायचं, म्हणजे मेंढ्या आपोआप आत वळतात. आणि समोरून ट्रॅक्टर आला तर मागे तुम्ही जायचं, तो नाही. रस्त्यालगतची रुंद जागा एकमेकांना वाट द्यायला असते, पार्किंगला नाही. शेताच्या फाटकासमोर गाडी लावून कॅफे शोधायला जाऊ नका. शेतकऱ्याला आत-बाहेर करायला तेवढीच वाट असते.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर मी इंग्रज झाले म्हणाल. त्या मंडळींना तिथे यायचा पूर्ण हक्क होता. इथे शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा १९४९ च्या कायद्यानुसार नकाशावर नोंदलेल्या आहेत. खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही चालेल. पायवाट गव्हाच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याने नांगरणीनंतर १४ दिवसांत ती पुन्हा चालण्यासारखी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. पीक उगवलं तरी तेवढा पट्टा मोकळा ठेवायचा. आपल्याकडे बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, इथे हा माणूस अनोळखी लोकांसाठी उभ्या पिकात वाट राखतो. मला अजूनही याचं अप्रूप वाटतं. बदल्यात मागणं काय, तर फाटक जसं असेल तसं सोडा. बंद असेल तर बंद करा. उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडंच राहू द्या, कारण पलीकडच्या कुरणातली जनावरं त्यातूनच पाण्यावर येत असतात, तुम्ही चांगुलपणाने लावलंत तर ती उन्हात तहानलेली राहतात.

आणि एक, हे खरंच लक्षात ठेवा. मेंढी पाठीवर उताणी, पाय वर, अशी दिसली तर ती झोपलेली किंवा "क्यूट" नसते. अंगावर वर्षाची लोकर, ती पावसाने जड झालेली, ती स्वतः उठूच शकत नाही. पोटात वायू साठत जातो, फुप्फुसांवर दाब येतो आणि काही तासांत मरते. कुत्रा असेल तर लांब बांधा. बाजूने लोकर घट्ट धरून तिला कुशीवर वळवा, उभी करा, आणि लगेच सोडू नका. मिनिट-दोन मिनिटं धरून ठेवा, नाहीतर भेलकांडून परत पडते. व्हिडिओ नंतर काढा.

रागाचं खरं कारण बहुधा आजचं नाहीच. गेल्या आठवड्यात ओळखीच्या कोणीतरी बायबरी या इथल्या गावातली रील टाकली होती, "इथे सगळं कसं आपोआप सुंदर!" तिथली आर्लिंग्टन रो नावाची घरांची रांग १३८० च्या सुमाराला लोकर साठवायला बांधली, सतराव्या शतकात त्यात विणकर राहायला आले. आजही त्या घरांत माणसं राहतात हो, खिडकीला नाक लावून बघायला तो वाडा-म्युझियम नाही. नॉर्थलीच, चिपिंग कॅम्पडन या गावांतली चर्चं इतकी भव्य का? लोकरीचा पैसा. आज त्याच लोकरीचे पैसे अनेकदा कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाहीत. मेंढी आता मटणासाठीच.

आपोआप म्हणे! आमच्या गावात गॅसची पाइपलाइन नाही. घर तापवायला रॉकेल, मागे हिरव्या प्लास्टिकच्या टाकीत. टँकरवाला बहुधा ५०० लिटरच्या खाली देत नाही, बर्फात येत नाही. टाकी तळाला गेली की गाळ नळीत जातो, हवा शिरते, बॉयलर बंद पडतो, आणि मग नुसतं रॉकेल भरून भागत नाही, मेकॅनिक बोलवावा लागतो. सांडपाण्याची नळयोजना नाही, सेप्टिक टँक आहे. वर्षातून एकदा उपसायचा, तेल-तूप सिंकमध्ये ओतायचं नाही, ओले वाइप्स टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. सुट्टीसाठी घर भाड्याने घेणाऱ्यांना हे सांगून सांगून घरमालक थकतात, मग उपसणाऱ्याचा टँकर ऐन शनिवारी.

थंडीत रस्ता गोठू नये म्हणून मुख्य रस्त्यावर मीठ काउन्सिल टाकते. आमच्या गल्लीसाठी कोपऱ्यात पिवळी पेटी असते, त्यातलं मीठ फावड्याने आम्हीच पसरतो. लाल टेलिफोन बूथमध्ये फोन नाही, आता तिथे हृदयाला झटका द्यायचं यंत्र आहे. ९९९ हा आपत्कालीन नंबर लावला की ते पेटीचा कोड सांगतात. त्याच्या पॅडची मुदत संपते, ती तारीख बघणारं कोणीतरी लागतं. हे सगळं पॅरिश काउन्सिल बघते, आपल्या ग्रामपंचायतीची धाकटी बहीण, १८९४ च्या कायद्यातली. सदस्यांना पगार नाही. एका बाकाच्या रंगावर दीड तास चर्चा करतात, ते सोडा.

पर्यटक आले नाहीत तर गावचा पब आणि दुकान वर्षभरात बंद होईल, हेही खरंय. वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या, शहरातल्या लोकांनी घेऊन ठेवलेल्या घरांनी गावाचं जे नुकसान केलंय, ते फोटोवाल्यांच्या दहापट आहे, हेही. या ओळी लिहिताना राग उतरतोय, जरा त्रासच होतोय त्याचा.

कारण आजोबा आले तेव्हा मला वाटलं होतं आता शिव्या ऐकायला मिळतील. काठी टेकत आले, खिंडार बघितलं, आणि पहिलं विचारलं ते इतकंच, की मुलाला लागलं नाही ना. दादांचा चेहरा उतरला. मग दादा, वहिनी, मुलगा, सगळे मेंढ्या वळवायला लागले. मुलगा सगळ्यात चांगला निघाला, हात पसरून अगदी हळू चालत होता. एक कोकरू उलटं पळालं तर त्यानेच थांबून वाट दिली. वहिनींनी डब्यातला चिवडा आजोबांना दिला. त्यांनी खाल्लाही, मग डोळ्यांत पाणी. तिखटामुळे.

खिंडारात सध्या लोखंडी जाळी उभी करून नारिंगी सुतळीने बांधलीय. रचायचं काम कातरणी झाल्यावर, म्हणजे जूनअखेर. गवतातून पाच टॉपर शोधून रांगेत लावून ठेवलेत, सहावा अजून मिळत नाहीये. ओढ्याच्या बाजूला गेला असेल. उद्या परत बघते. पण कोणाच्या गाडीच्या डिकीत आठवण म्हणून निघालाच, तर मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन.