हुरडा पार्टी, एक सर आणि आमच्या अम्माचा खुनी

आज डोकं जरा गरम आहे, पोस्ट लांबणार, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी आत्ताच पुढं सरका.

सकाळी मोहोळ रोडला मैत्रिणीच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. थंडी मस्त, आगटीतली कणसं गरमागरम हातावर चोळून देणारे तिचे सासरे, शेंगाची चटणी, दही, गूळ, सगळं एक नंबर. नुसतं खाऊन घरी यायचं सोडून कुणीतरी टूम काढली की चला, गोल बसलोच आहोत तर सध्या कोण काय वाचतंय ते प्रत्येकानं सांगायचं. मला काय, आनंदच. तुमच्या-माझ्यासारख्यांना याच्यासारखी दुसरी गप्पा नाही.

सुरुवात छान झाली. एकीनं सांगितलं मी वर्षभर फक्त दिवाळी अंकच वाचते, दिवाळीत वीस घेते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवते. (१९०९ साली मासिक मनोरंजनानं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना काय माहीत, सोलापुरात एक बाई जून महिन्यात पावसाची वाट बघत दिवाळीतल्या कथा वाचत बसणार आहे.) अक्कलकोटकडच्या एका पोरानं शरणकुमार लिंबाळेंचं आत्मचरित्र 'अक्करमाशी' नुकतंच संपवलं होतं, लिंबाळे आमच्या तालुक्यातले आणि मला हे तिशीत कळावं म्हणून स्वतःवरच चिडला होता. एक जण हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये पुण्याला जाता-येता कानात पुस्तकं ऐकतो. ऐकणं म्हणजे वाचणं का यावर दोन मिनिटं भांडण झालं, ते पण गोड.

मग माझा नंबर. मी खरं ते सांगितलं. रद्दीच्या दुकानातून दहा रुपयाला आणलेली एक जुनी रहस्यकथा, मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही, एका वाड्यात मुनीम मरून पडलाय आणि त्याच्या मुठीत कंदिलाच्या काचेचा तुकडा आहे.

तर समोर बसलेले एक सर, रिटायर्ड, मोठे वाचक, कणीस सोलता सोलता म्हणतात, "अहो मॅडम, या वयात? खून-दरोडे शाळेत वाचायचे. आता तुमच्यासारख्यांनी जरा दर्जेदार वाचलं पाहिजे." आणि सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले, मला माहितीय. पण हसले. आणि त्यांच्याबरोबर मी पण हसले, याचाच राग घेऊन मी दुपारपासून घरात भांडी आपटतेय.

दर्जेदार म्हणजे काय ओ सर? कोण शिक्का मारतं?

आता हे सांगितल्याशिवाय तुम्हाला माझा राग कळणार नाही. आमचं घर पूर्व भागात, घरात तेलुगू, दारात मराठी. वडील यंत्रमागावर, अम्मा घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं एकेक पान कापायचं, तंबाखू घालून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. दिवसाला हजार. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून कारखान्यात न्यायच्या, तिथं तपासणारा जेवढ्या बाजूला टाकेल तेवढे पैसे कमी. अम्माला मराठी बोलता यायचं, वाचता नाही यायचं. मग चौथी-पाचवीतली मी गल्लीतल्या भाड्याच्या लायब्ररीतून पुस्तक आणून तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचायची. काय वाचायची? बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, त्यांचे ते नायक, झुंजार. काळापहाड. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या म्हणतात, अम्मानं हजाराच्या वर विड्या रोज वळल्या, हिशेब बरोबर बसतो.

पण अम्माची एक अट होती. मी पुस्तक उघडलं की पहिला प्रश्न: "एवरु चंपिंडु?" खून कोणी केला? आधी ते सांग, मग वाच. मी रडकुंडीला यायची, अगं अम्मा मजाच जाते की. ती म्हणायची, जीव टांगणीला लागला की हात थांबतो, हात थांबला की हजार होत नाहीत. तिच्यापुढे काय बोलणार? मग मी शेवटचं पान वाचून खुनी सांगायची आणि मग पहिल्या पानापासून सुरू.

आणि गंमत अशी की त्यानंतरच तिला खरी मजा यायची. खुनी पहिल्यांदा गोष्टीत आला की विडीवरची नजर न काढता म्हणायची, "बघ बघ, कसा साळसूद चहा पितोय मेला." पोलिसांची तर तिला दयाच यायची. बिचारे किती फिरतायत, त्यांना कोणीतरी सांगा की. लेखकानं कुठं काय लपवलं ते तिला आधीच दिसायचं, रुमाल इथं टाकला का, म्हणजे पुढं सापडणार. मी पुढं बीकॉम केलं, टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतेय इतकी वर्षं, साहित्याचा अभ्यास वगैरे कुठं केला नाही, पण गोष्ट कशी विणलेली असते हे मला त्या सुपासमोर कळलं. आजही मी कुठलंही पुस्तक घेतलं की आधी शेवटचं पान बघते. कादंबरी असो, चरित्र असो. शिव्या द्या, बघते.

हां, मान्य, त्यातल्या कित्येक रहस्यकथा एकाच मागावरून निघालेल्या टॉवेलसारख्या असायच्या, रंग तेवढा बदलायचा. आणि बायका त्यात एक तर किंचाळायच्या नाहीतर बेशुद्ध पडायच्या. ते मला पण आता टोचतं.

आणि सर, मी फक्त खूनच वाचते असं पण नाही ना. उशाशी सध्या मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' आहे, तिसऱ्यांदा. माणूस आपल्या सोलापूरचा, १९३२ चा जन्म, घरात आमच्यासारखीच तेलुगू, सगळी नोकरी जंगल खात्यात आणि लिहिलं सगळं मराठीत. पक्षी, झाडं, आदिवासींचे शब्द, काय काय गोळा करून ठेवलंय. २००६ मध्ये साहित्य संमेलन इथं सोलापुरात झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते, मी अम्माला ओढत घेऊन गेले होते. त्यांचं घर तेलुगू म्हटल्यावर तिचा एकच प्रश्न, "मनोडेना?" आपलाच का? आणि मग भाषण संपेपर्यंत हलली नाही, अर्धं डोक्यावरून गेलं तरी. २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली आणि जूनमध्ये ते गेले, इथंच, आपल्या गावात. त्या दिवशी मी पुस्तक काढलं आणि अजून कपाटात ठेवलेलं नाही.

दुसरं, मला स्वतःचं आयुष्य सरळ सांगणारी माणसं आवडतात. 'स्मृतिचित्रे' तर कितीदा झालं मोजलं नाही, लक्ष्मीबाई टिळक स्वतःच्या फजितीवर अशा हसतात की आपल्याला आपली फजिती सांगायला धीर येतो. मावशीला कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं, दहा हजार घरांची ती गोदूताई परुळेकर वसाहत, ते पण २००६ लाच. तेव्हा मला या गोदूताई कोण ते धड माहीत नव्हतं. मग त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आणलं, वारली आदिवासींच्या लढ्याचं, आणि दोन रात्रीत संपवलं. मावशीच्या दारावरच्या पाटीवर ज्यांचं नाव त्या बाई स्वतः काय लिहून गेल्यात ते वसाहतीतल्या किती जणींना कुणी वाचून दाखवलं असेल?

हे सगळं मी आगटीपाशी सांगू शकले असते. 'चकवाचांदण' म्हटलं असतं तर सरांनी मान डोलावली असती, वा वा म्हणाले असते. पण प्रश्न होता सध्या काय वाचताय, आणि काल रात्री माझ्या हातात मुनीम होता. म्हणून मुनीम सांगितला. मित्रांनो, आपण एकमेकांना पुस्तकं विचारतो ते मार्क द्यायला का?

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. सर माणूस वाईट नाहीत. त्यांच्याकडून मी दोन पुस्तकं नेलीत, एक अजून परत द्यायचंय, ते पण खरं. आणि खरं सांगायचं तर सरांचं वाक्य मला एवढं लागलं कारण ते मी आधी ऐकलेलं आहे. माझ्याच तोंडून.

कॉलेजला असताना वर्गात एका प्राध्यापकांनी विचारलं होतं, काय वाचता. मी एका जाड कादंबरीचं नाव ठोकून दिलं, तिचं शेवटचं पानसुद्धा बघितलं नव्हतं. त्याच आठवड्यात अम्मानं सूप मांडीवर घेऊन विचारलं, आज काय आणलंस, तर मी म्हटलं, अम्मा, मी आता असलं वाचत नाही, मी मोठी पुस्तकं वाचते. ती काहीच बोलली नाही. म्हटली बरं, रेडिओ लावून दे. त्यानंतर कित्येक वर्षं ती रेडिओवरच विड्या वळत राहिली. मोठी पुस्तकं पण मी तिला वाचून दाखवू शकले असते की. सुचलंच नाही बघा.

आता अम्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. विड्या कधीच सुटल्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी बोटं रिकामी बसली की अजून पदराचं टोक वळत बसतात. मुनीमवालं पुस्तक मी माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आणलं होतं. काल रात्री जेवणं झाल्यावर तिच्या कॉटवर बसले, पुस्तक उघडलं, आणि तिनं डोळे मिटूनच विचारलं, "एवरु चंपिंडु?"

मी शेवटचं पान काढायला गेले तर शेवटची चार पानंच नाहीत. फाटलेली.

अम्मा म्हटली, मग नको. खुनी कळल्याशिवाय ती पहिलं पान वाचू देत नाहीये. आता हात थांबून काही नुकसान नाही म्हटलं तरी ऐकत नाही. म्हणून काल मी एकटीनंच पुढं वाचलं, आणि एकटीला काही मजा येईना.

तर आता काम. जुन्या रहस्यकथा घरात जपून ठेवलेले तुमच्यात बरेच आहेत, लाजू नका, मला माहितीय तुम्ही कोण कोण ते. वाडा नदीकाठचा आहे, मालक आंधळा आहे, पुतण्या मुंबईहून आलाय, दिवाणजी तिसऱ्या पानापासून खोकतोय, मुनिमाच्या मुठीत कंदिलाची काच. कुणी वाचलं असेल तर खुनी कोण तेवढं कमेंटमध्ये टाका. नऊ वाजले, अम्मा जागी आहे.